तानूआक्कांची विहीर

तानूआक्कांच्या तोंडाला लागायचं नाही, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावण्यात आलं. सासूबाई म्हणाल्या, "मनानं लोणी हाय बाई, पर त्वांड उघडलं की आपण पळ काढायचा." आणि दुसऱ्याच दिवशी आक्का जोंधळ्याची बुट्टी घेऊन आमच्या पिठाच्या गिरणीवर हजर! मी नवी सून, गिरणीवर बसायचा माझा पहिला-दुसरा दिवस. पीठ जाड पडतंय की बारीक, काही कळेना. चिमूटभर पीठ त्यांच्यापुढं धरलं आणि विचारलं, "आक्का, बरोबर आहे का?"

"मला काय इचारतीस? भाकरी तू बी खातीस न्हवं? बोटानं बघ की!"

बोटानं बघितलं. जाड होतं. दगड जरा आवळला, पुन्हा बघितलं. या खेपेला मी विचारलं नाही, बुट्टी भरून सरळ त्यांच्या डोक्यावर दिली. आक्कांनी जाता जाता दोन बोटं पिठात घातली आणि म्हणाल्या, "वंगाळ न्हाई." मला वाटलं, बाईला पसंत पडलं नाही. सासूबाई आतून धावत आल्या. "आगं, तानू वंगाळ न्हाई म्हणाली? मला तीस वरसांत कवा म्हणाली न्हाई ती!"

आमचं गाव सांगलीपासून जवळच, कृष्णेच्या काठावर. माझं माहेर वाईचं. म्हणजे मी एका घाटावर जन्मले आणि दुसऱ्या घाटावर नांदायला आले, नदी तीच. पण पोहण्याचं म्हणाल तर नाव नको. आमच्या वाईत घाटावरून उड्या मारायच्या त्या मुलांनी. मुलींनी पायरीवर बसून पाय बुडवायचे, फार तर फार कपडे आपटायचे. हे आक्कांना कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तेव्हापासून माझं नाव वाईकरीण पडलं. "काय वाईकरीण, पाय बुडवून आलीस का?" असं भर रस्त्यात विचारायच्या.

हसायचं कारण, त्यांचं माहेर कवठे महांकाळकडचं. धनगराचं घर, माळरान, मेंढरं. "आमच्या मुलखात पाऊस पावण्यावानी यायचा," त्या सांगायच्या, "आन पावण्यावानीच च्या पिऊन लगी जायचा." त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीत पोरं उतरून चेंडू खेळायची म्हणे. चेंडू पाण्यात पडेल ही भीतीच नाही. आवाज मेंढरं हाकून कमावलेला. वरच्या आळीतनं हाक मारली तर खालच्या आळीतलं पोर झोपेतून उठून बसायचं. अंगानं काटक, रंगानं काळ्या, नऊवारीचा काष्टा असा मारलेला की बघणाऱ्याला वाटावं, बाई आता कुस्तीलाच उतरणार.

अशा कोरड्या मुलखातल्या बाईनं अख्ख्या गावाच्या बायकांना पोहायला शिकवलं. मला हे सांगताना आजही छाती फुगल्यासारखी वाटते, आणि मी काही उगाच फुगणाऱ्यातली नव्हे.

आक्का स्वतः पोहायला शिकल्या त्या चाळिशी ओलांडल्यावर. लग्न होऊन आल्या तेव्हा एवढं पाणी बघून त्यांना भोवळच आली होती. सासरच्यांनी ठरवून टाकलं, ही माळावरची, हिला पाण्याजवळ जाऊ द्यायचं नाही. वर्षानुवर्षं हेच ऐकून त्यांनाही ते पटलं. पण म्हशी होत्या. म्हशी दुपारी नदीत डुंबायच्या आणि पलीकडं निघून जायच्या, मग काठावर उभं राहून बोंबलत बसावं लागायचं. एक दिवस त्यांनी वैतागून म्हशीचं शेपूट धरलं आणि म्हशीबरोबर गेल्या. "म्हस माझी पयली मास्तरीण," त्या म्हणायच्या. "ना वरडली, ना हसली. आपली चालली फुसफुसत."

त्यांचे मालक, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, यांना हे कळल्यावर त्यांनी आक्कांना आपल्या रानातल्या विहिरीत रीतसर शिकवायला घेतलं. पाठीला रिकामा डबा बांधायचा, तो तरंगतो, माणूस बुडत नाही, मग हातपाय मारायला शिकायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पूर्वी पत्र्याचे डबे असत, आता तेलाचे प्लास्टिकचे, पण म्हणायचं डबाच. आबांनी दोराची गाठ आक्कांच्या पाठीवर मारली. आणि आक्का बऱ्यापैकी हात मारायला लागल्यावर एक दिवस त्यांना न सांगता मागून दोर कापला. आक्का खाली गेल्या, नाकातोंडात पाणी गेलं, वर आल्या आणि पोहायला लागल्या. काठावरचे सगळे टाळ्या पिटत होते.

"पवायला आलं बघ त्या दिशी," आक्का सांगायच्या. "पर म्होरं लय दीस, आबा काठाव आसलं तरच मला येत हुतं. आबा घरला गेलं की हातपाय लाकूड! म्हंजी पवणं माझं न्हवतंच, त्ये आबाचं हुतं."

आबा होते तोवर त्या त्यांच्यापुढंसुद्धा हे बोलून दाखवायच्या, आणि आबा मिशीतल्या मिशीत हसायचे. बिचारे फार भले गृहस्थ. आम्ही आक्कांकडं शिकायला गेलो त्याच्या बऱ्याच आधी ते गेले.

तर आम्ही गेलो कशा, ते सांगते. माझी मुलं मोठी झाली होती, त्या साली पुराचं पाणी गावात शिरलं. आमच्या गिरणीत छातीएवढं. बोटी आल्या. बोटीवरच्या पोरांनी म्हातारी माणसं घेतली, लेकरं घेतली, मग बायका घेतल्या, कुणाला हाताला धरून, कुणाला बखोटीला धरून. जीव वाचवला त्यांनी, त्यांना नावं ठेवली तर जीभ झडेल. पण आमच्या शेजारची सुवर्णा, तेव्हा तिची धाकटी कडेवर होती. बोट डुगडुगली आणि ती अशी थिजली की पोरगी पाण्याच्या बाजूला कलली तरी हिचा हात हलेना. एका पोरानं पोरगी ओढून घेतली आणि ओरडला, "ह्या वहिनींना खाली दाबून बसवा रं, न्हाईतर समद्यास्नी बुडवत्यात!"

तो घाईत बोलला आणि विसरला. सुवर्णा विसरली नाही. पूरग्रस्तांना एका शाळेत ठेवलं होतं, तिथं वर्गात सतरंजीवर बसून ती मला म्हणाली, "काकू, त्या बोटीत मी माणूस न्हवते, बोचकं हुते बोचकं. माझी पोर दुसऱ्यानं धरली. पुन्यांदा पाणी आलं तर मी बोचकं हून बसणार न्हाई."

पाणी ओसरलं, चिखल काढला, घरं धुतली. उन्हाळा लागता लागता आम्ही दोघी-तिघी आक्कांच्या दारात. आक्का शेणी थापत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी हिरीवर या. डबा घिऊन या. नवऱ्याला सांगून या, इचारून नगं."

आक्कांची विहीर गावाबाहेर उंचावर, माळाच्या अंगाला. काळ्या दगडाची, खाली पाण्यापर्यंत पायऱ्या. दुपारी माणसं जेवून लवंडली की आमची शाळा भरायची. रानाकडं वळणाऱ्या वाटेवर, बाभळीला आक्का आपलं जुनं लुगडं बांधायच्या. ते दिसलं की पुरुष माणूस परत फिरायचं. कुणी पोराची हाफ पॅन्ट घालून यायची, कुणी गाऊन, कुणी जुना पंजाबी ड्रेस. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकींकडं बघून हसून हसून इतक्या दमलो की पोहणं राहिलंच. आक्का म्हणाल्या, "झालं? का आजून दात दावायचं हायती? पाण्याला तुमच्या दाताचं काय कौतुक न्हाई."

त्यांची शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची होती. आधी प्रत्येकीचा डबा हातात घ्यायच्या, झाकण आवळायच्या, तळहातानं थाप मारून कानाशी धरायच्या. पोकळ आवाज आला की ठीक. मग दोर बांधायचा. आणि गाठ पाठीवर नाही, पोटावर. सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. "ही गाठ मी बांधणार न्हाई आन सोडणार बी न्हाई," असं त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या. "तूच बांधायची. आन ज्या दिशी वाटंल त्या दिशी, पाण्यात आसताना, तुझ्या हातानं सोडायची. न्हाई वाटलं तर डबा घिऊन म्हातारी हो. माझं काय जात न्हाई."

स्वतः हातात लांब दोर घेऊन खालच्या पायरीवर उभ्या. एक बाई जरी पाण्यात असली तरी नजर हलायची नाही. शिव्या मात्र सुरू. "आगं पाय मार, पाय! नवऱ्याला मारल्यावानी मार!" "मान वर! पाण्यात काय जोंधळं निवडतीस?" आणि एखादीनं हात मारता मारता विचारलं, "आक्का, बरुबर हाय का?" की आक्का पायरीवर तोंड फिरवून बसायच्या. "मला इचारू नगं. पाण्याला इचार. वर हाईस न्हवं? मग?"

शेजारच्या रानातले हिंदुराव तात्या लुगड्याच्या पलीकडंच उभं राहून टोमणे मारायचे. "आक्का, कशापायी येवढा कुटाणा? द्या की ढकलून एकेकीला! आमी समदी तशीच शिकलो."

"ढकलल्याव पवायला येतं तात्या, न्हाई कोण म्हंतंय?" आक्का खालच्या पायरीवरून ओरडायच्या. "पर इश्वास बसतो त्यो ढकलणाऱ्यावर. मग काय ह्या बायांनी जलमभर तुमाला हुडकत हिंडायचं?"

पुढं तात्यांनी आपल्या दोन्ही सुना पाठवल्या, हेही सांगायला हवं.

हळूहळू एकेकीनं गाठ सोडली. माझी सुटली तेव्हा मी घाबरून देवाचं नाव घ्यायचं सोडून नवऱ्याचं नाव घेतलं, त्यावरून अजून चिडवतात. कुणाचा डबा सुटला की तो पाण्यावर आपला एकटाच गोल गोल फिरत राहायचा आणि आम्ही पायऱ्यांवरून आरडाओरडा करायचो. आक्का म्हणायच्या, "वंगाळ न्हाई." बाई दिवसभर हवेत.

राहिली ती सुवर्णा. आणि गंमत म्हणजे आमच्या सगळ्यांत देखणं पोहायची ती. हात लांब, पाय सरळ, श्वास कसा अगदी वेळेवर. पण डबा पाठीवर होता तोवर. रोज तिचा हात पोटावरच्या गाठीपर्यंत जायचा आणि परत यायचा. वर आली की म्हणायची, "उद्या." आम्ही सगळ्यांनी तिला सांगून बघितलं, चिडवून बघितलं, शपथा घातल्या. आक्का, ज्या पाय नीट मारला नाही म्हणून आईबाप काढायच्या, त्या याबाबतीत मात्र चकार शब्द बोलत नव्हत्या. एकदा मीच म्हटलं, "आक्का, तुम्ही सांगा ना तिला, तुमचं ऐकेल." तर माझ्यावर डाफरल्या, "म्हणून तर सांगत न्हाई."

पावसाळा जवळ येत चालला होता. वैशाख सरत आला, नदी तळाला गेली होती, पण सुवर्णाला आतापासूनच पाणी दिसायला लागलं होतं. झोप लागत नाही म्हणायची.

आणि मग ती दुपार. सुवर्णानं नेहमीसारख्या फेऱ्या मारल्या, त्या दिवशी जरा जास्तच. पोहून पायरीला आली, वर चढायला लागली आणि एकदम मागं कलंडली. मी धरलं. "काकू, डबा लय जड लागतोय गं," ती म्हणाली. पाठीवर हात लावून बघते तर काय, डबा पाण्यानं काठोकाठ भरलेला! तळाला बारीक चीर गेली होती. पाण्यात असताना भरलेल्या डब्याचं ओझं जाणवत नाही, पण आधारही शून्य. म्हणजे बाईसाहेब कधीपासून कोण जाणे, स्वतःच्या स्वतः पोहत होत्या.

आम्ही काय, आनंदानं किंचाळायलाच लागलो. "अगं सुवर्णे, तुला येतंय! डबा नुसता नावाला होता!" कुणी तिला मिठी मारली, कुणी टाळ्या पिटल्या. आणि बघते तर सुवर्णाचं तोंड पांढरं फटक. "म्हंजी मी बुडत हुते आन मला ठावं बी न्हवतं?" ती म्हणाली. डबा तिथंच टाकून, कपडे न बदलता तशीच ओली घरी गेली.

मी आक्कांकडं वळले, त्या काहीतरी हासडतील म्हणून. आक्का पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर तो डबा. पाणी ओतून टाकलेला. त्याच्यावर थाप मारत होत्या, कानाशी नेत होत्या, पुन्हा थाप मारत होत्या.

"वाईकरीण," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना हळू आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. "हिकडं ये. चीर गेलेल्या डब्याचा आवाज निराळा येतो. तुला येतोय ऐकू?"

येत होता. जरासा फाटका. मी मान हलवली.

"मला येत न्हाई," आक्का म्हणाल्या. "मगाशी बी थाप मारली हुती मी. बरुबर हाय म्हणून दिला तिच्याकडं."

बाभळीवरचं लुगडं सोडून त्यांनी घडी घातली आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी लुगडं बांधलेलं नव्हतं, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आम्ही घरी गेलो तर म्हणाल्या, "शाळा मोडली. सुवर्णीला येत हुतं म्हणून वाचली. दुसरी आसती तर तिच्या लेकरांस्नी मी काय त्वांड दावलं आसतं? कान गेलं माझं. जिला सवताचा भरवसा न्हाई, तिनं दुसऱ्याला पाण्यात उतरवू ने."

आम्ही समजूत घातली. मी म्हटलं, डबे आम्ही तपासू. त्या म्हणाल्या, "आज डबा, उद्या आणि काय. माझ्यातच चीर गेलीया बाई." ज्या बाईच्या आवाजानं अख्खी आळी उठायची तिच्या घरातून आता भांड्याचासुद्धा आवाज येत नव्हता. आणि इकडं आमच्या शेजारी सुवर्णा. तिला सगळं गाव सांगतंय, बाई तुला येतंय, तू पोहलीस, आम्ही डोळ्यांनी बघितलं. तिचं एकच, "तवा मला डबा हाय आसं वाटत हुतं. आता न्हाई हे ठावं हाय. आता बुडणार."

शेवटी सुवर्णाच्या सासूबाई, शांताकाकू, याच मैदानात उतरल्या. ही बाई पोहायला जाण्याच्या पहिल्यापासून विरोधात. पण एक दिवस दळण घेऊन आल्या आणि गिरणीच्या घरघरीत ओरडून म्हणाल्या, "आवं, माझी सून न्हाणीत बादलीभर पाण्याला भ्यायला लागलीया! ती तिकडं कुढती, तानू तिकडं कुढती. हिरीला काय गंज चढवायचाय का? चला, उठा!" आणि सुनेला हाताला धरून आक्कांच्या घरी. मीही गिरणी बंद करून मागोमाग.

आक्का चुलीपुढं होत्या. सुवर्णा उंबऱ्यात उभी राहिली. मग सुवर्णा म्हणाली, "आक्का, मला उद्या हिरीवर यायचंय. डबा मी तपासून आणते, बादलीत दाबून बघते. गाठ मी बांधते. तुमी कायबी करू नगा. नुसतं बसा."

"नुसतं बसायला मी कशाला? देवळातला नंदी न्या," आक्का म्हणाल्या.

"नंदीला पवायला येत न्हाई," सुवर्णा म्हणाली.

शांताकाकू फसकन हसल्या. आक्का हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी दुपारी बाभळीला लुगडं होतं.

गावातल्या झाडून सगळ्या पोहणाऱ्या बायका जमल्या होत्या. आक्का खालच्या पायरीवर येऊन बसल्या, दोर हातात, तोंडाला पदर लावलेला. शिवी नाही, सूचना नाही. सुवर्णानं गाठ बांधली आणि उतरली. काठाकाठानं एक फेरी मारली. दुसरी मारली. मग विहिरीच्या मध्यावर गेली आणि तिचा हात पोटाकडं गेला. गाठ सुटली, डबा बाजूला उडाला आणि सुवर्णा खाली गेली.

एरवी गाठ सोडल्यावर सगळ्याच जरा बुडतात आणि लगेच वर येतात. ही येईना. पाण्यावर बुडबुडे. पायऱ्यांवर एकच आकांत झाला. "आक्का, उडी मारा! आक्का!" शांताकाकूंनी तर कपाळ बडवायला सुरुवात केली. दोघी-तिघी उडी मारायला पुढं झाल्या. आक्का उभ्या राहिल्या होत्या. एक पाय पाण्यात, काष्टा आवळलेला, मान खाली घालून पाण्यात टक लावून बघत होत्या. ढकलल्यासारखा हात मागं करून त्यांनी सगळ्यांना अडवलं.

"गप बसा गं! कुणी उतरायचं न्हाई!" तोच जुना आवाज. विहीर घुमली. "पाय चालत्यात तिचं. मला दिसतंय. येतीया ती!"

मला काही दिसत नव्हतं. काळं पाणी आणि त्यावर उन्हाचा तुकडा. आक्कांच्या पिंढरीचा स्नायू मात्र दिसत होता, थडथड उडत होता. त्या उडी मारायच्या बेतात होत्या आणि मारत नव्हत्या. चूक झाली असती तर काय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

आणि सुवर्णा वर आली. केस तोंडावर, खोकत, शिंकत, डोळे गच्च मिटलेले. पण हात चालू. एक हात, दुसरा हात. पायरीकडं यायचं सोडून ती उलट पलीकडच्या भिंतीला गेली, दगडाला हात लावला, वळली, आणि मग आली.

आक्कांनी दोर टाकून दिला आणि मटकन खाली बसल्या. घळाघळा रडल्या हो! आम्ही सगळ्याच रडलो, पण आक्कांना रडताना बघायचं म्हणजे नवलच. पदरानं नाक पुसून त्या सुवर्णाला म्हणाल्या, "आगं भवाने, येवढा वेळ खाली काय करत हुतीस? तळ झाडत हुतीस का?" सुवर्णाला बोलायला दम नव्हता, ती नुसतीच हसत होती. मग माझ्याकडं वळून, मीच काहीतरी आरोप केल्यासारखं, ठसक्यात म्हणाल्या, "कान गेलं आसतील माझं. डोळं हायती!"

त्या दिवसापासून डबे तपासायचं काम सुवर्णाकडं गेलं आणि शाळा पुन्हा सुरू झाली. आक्कांनी ते काम सरळ सोपवून टाकलं. जे येत नाही ते येत नाही म्हणायचं आणि जे येतं ते छातीठोक करायचं. वर ऐकवायच्याही, "थाप मारायला सुवर्णी, थापडा मारायला मी."

त्यानंतर एकदा पुन्हा नदी चढली. एवढी नाही, पण खालच्या आळीत पाणी आलं, बोट आली. कुणाला पोहावं लागलं नाही, देवाची कृपा. पण बोटीच्या काठावर एक बाई उभी राहून लेकरं आत घेत होती आणि म्हाताऱ्यांवर ओरडत होती, "हिकडं बघा, पाण्याकडं नगं! पाय उचला!" ती सुवर्णा. धाकटी तिच्या पाठीला बिलगलेली. बोटीवरचा पोरगा मला म्हणाला, "ह्या वहिनी आमच्याच पथकातल्या का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, आमच्या आहेत." इतकी ऐट मी स्वतःच्या मुलांच्या लग्नातही केली नव्हती.

पुढं आक्कांचे गुडघे गेले. मुलगा लोणंदला कंपनीत आहे, तो न्यायला आला. आक्कांनी पुष्कळ आढेवेढे घेतले, लोणंदमध्ये विहीर आहे का, म्हैस आहे का, सगळं विचारून झालं. शेवटी तयार झाल्या. निघायच्या आदल्या दुपारी मला म्हणाल्या, "चल वाईकरीण, हिरीवर जाऊ." पायऱ्या उतरणं काही त्यांना शक्य नव्हतं. वरच्या कट्ट्यावर बसल्या.

खाली नव्या सुनांची तुकडी होती. एकीचा डबा वाकडा झालेला, एक पायरीला घोरपडीसारखी चिकटलेली, एक आपली हसतच सुटलेली. सुवर्णा खालच्या पायरीवर दोर घेऊन उभी. आक्का पुढं वाकून बघत राहिल्या. त्यांच्या तोंडात शब्द तयार होताना मला दिसायचा, ओठ हलायचे, आणि त्या तो बोलायच्या आधीच खालून सुवर्णा काहीतरी बोलून मोकळी. असं बऱ्याचदा झालं. मग आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

मी म्हटलं, "आक्का, बायका अजून पाण्यात आहेत."

"हायती की," त्या म्हणाल्या. "भाकरी टाकायच्यात मला, पोरगा जेवायचा हाय."

आणि काठी टेकत, बांधावरून, घराच्या दिशेनं चालू लागल्या. खालून सुवर्णाचा आवाज आला, कुणाला तरी चांगलीच झाडत होती. आक्कांची पाठ हलली, हसल्या असाव्यात. आक्का बाभळीपाशी पोचेपर्यंत मी बघत उभी होते. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही.